शेजारचं टेबल

"तू जागा धर. आम्ही आलोच."

नवऱ्याचा तो आवाज अजून तिच्या कानात होता. लग्नानंतरचा पहिला नाताळ. खरेदीच्या ऐन गर्दीत त्याने तिला एका बहुमजली दुकानाच्या वरच्या मजल्यावर, कॉफीच्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि धाकट्या भावंडांना घेऊन तो रांगेकडे गेला. तेव्हा जे जागा धरणं तिच्या वाट्याला आलं, ते आलंच. पुढे नवरा गेला आणि ते वाक्य लेकीने उचललं. लेक, जावई, नात दुकानाचे सगळे मजले पालथे घालायची आणि ही वरच्या मजल्यावर खुर्च्यांची राखण करत बसायची. तिला त्याचं काही वाटलं नाही. टेलिफोन ऑपरेटर म्हणून उभी हयात तिने "थांबा, जोडून देते" म्हणण्यात घालवली होती. दोघांचं बोलणं जोडून द्यायचं आणि आपण मधून निघून जायचं.

आजही ती जागा धरून बसली होती. समोरच्या खुर्चीवर जावयाचं जुनं जाकीट, बाजूला लेकीचा मफलर, चौथ्या खुर्चीवर नातीची लाल लोकरी टोपी. तिन्ही वस्तू तिने घरून पिशवीत भरून आणल्या होत्या.

लेकीने फोनवर सांगितलं होतं, "यंदा सगळं घरबसल्या मागवलं गं आई. तू कुठे उगाच त्या गर्दीत जातेस?"

ती "बरं" म्हणाली होती. आणि तरी आली होती.

कारण शेजारच्या टेबलावर मास्तर असायचे. टेलरमास्तर. तेही तिच्यासारखे जागा धरणारेच. दर नाताळात, याच कोपऱ्यात. त्यांच्या खुर्च्यांवर एक बायकी निळा कोट असे आणि एक लहान मुलाचा, चौकड्यांचा. "आमची सून म्हणजे काय विचारता," ते सांगत. "पायमोजे घ्यायचे तरी दहा दुकानं हिंडेल. मुलगा पिशव्या सांभाळत मागे. बोलायची टाप नाही त्याची." ती तोंडाला पदर लावून हसे. मग कॉफी कशी पाणचट झालीय, केकचा तुकडा दर वर्षी कसा बारीक होत चाललाय, गुडघे काय म्हणताहेत, असंच काहीबाही. खाली रस्ताभर दिवे, काचेवर माणसांच्या श्वासांची वाफ, भोवती कपबशांचा गलका, आणि त्यात दोघांचं हळू बोलणं. वर्षातला तासभर. त्या तासावर तिचं वर्ष निघायचं.

मग लेक ट्रे घेऊन येताना दिसली की मास्तर लगेच उठत. "आमचे खाली बोलावताहेत." कोट हातावर टाकून जिन्याकडे चालू लागत. त्यांचा नंबर मागायचा दर वेळी राहून जाई. एके काळी अख्ख्या शहराचे नंबर जिच्या तोंडी होते, तिला हा एक मागता आला नव्हता.

आज लेक येणार नव्हती. हे मास्तरांना कळलं, तर पुढल्या वर्षी इथे बसायला निमित्त काय उरणार?

"उशीर झाला आज तुमच्या मंडळींना," शेजारच्या टेबलावरून मास्तर म्हणाले.

"रांग असेल पैसे द्यायला."

"असेल." त्यांनी एक घोट घेतला. "नात वाढलेली दिसत नाही वर्षभरात."

"म्हणजे?"

"टोपी तीच आहे. गेल्या साली कानांपर्यंत येत नाही म्हणाला होता तुम्ही. मी म्हटलं नव्हतं का, आता बाहुलीला घाला?"

तिने टोपी उचलली आणि मांडीवर घेतली. नाताळ आला म्हणून कपाटातून घाईने काढलेली टोपी. गेल्या साली नातीने ती इथेच खुर्चीवर टाकून दिली होती, कारण ती तिला होतच नव्हती; हिनेच ती उचलून घरी नेली होती.

तेवढ्यात एक बाई जवळ येऊन उभी राहिली. कडेवर पेंगुळलेलं पोर, मागे दोन्ही हातांत ट्रे धरलेला नवरा. "इथे कोणी आहे का हो?"

"आहेत, येताहेत आमचे." इतक्या वर्षांचं घोटलेलं उत्तर. आज ते ओठांपर्यंत आलं आणि तिथेच थबकलं. पोराचे पाय लोंबत होते. बाईचा खांदा भरून आला होता.

"नाही," ती म्हणाली. बाईला म्हणाली, पण बघत होती मास्तरांकडे. "कोणी येणार नाहीये. मी एकटीच आलेय, मास्तर. हे सगळं घरून आणून मांडलं मी."

मास्तर आता हसतील असं तिला वाटलं. ते हसले नाहीत. ते उठले, आपल्या खुर्च्यांवरचे कोट त्यांनी गोळा केले आणि त्या बाईला म्हणाले, "तुम्ही या टेबलावर बसा. ऐसपैस बसा. मला लागत नाही आता."

मग कॉफीचा कप घेऊन ते तिच्या समोर आले. जावयाचं जाकीट बाजूला सारून बसले.

ती चपापली. "अहो, असं काय करता? सूनबाई आल्या म्हणजे कुठे बसतील?"

मास्तरांनी निळा कोट मांडीवर घेतला. त्याची बाही सरळ केली, पुन्हा सरळ केली.

"हा गिऱ्हाइकाचा आहे. शिवायला टाकला आणि न्यायला कोणी आलंच नाही. तो चौकड्यांचाही तसलाच. सून नाही, बाई. मुलगाही नाही. इथे तुम्ही बसता, म्हणून मी शेजारचं टेबल धरतो."