कानसेन

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत, कारण गाडीचं दुखणं हा मेकॅनिक कानाने ओळखायचा. आज पेट्रोलचं प्रेशर पडलेल्या गाडीला नवा पंप बसवून त्याने सवयीने डोळे मिटले आणि टाकीच्या तोंडाशी कान नेला. "चावी फिरव," तो आत बसलेल्या बायकोला म्हणाला. पंपाचं घुमणं कानी आलं नाही. "पुन्हा फिरव." टाकीत शांतताच. नवा पंपही मेलेला निघाला, असं पुटपुटत तो पुढे गेला. बॉनेटखाली जोडलेल्या प्रेशर गेजचा काटा बरोबर खुणेवर उभा होता. पंप चालल्याशिवाय काटा तिथवर चढत नाही. "अहो, केवढा घुमतोय हा," बायको म्हणाली. "नवा आहे," तो कसाबसा बोलला. तेवढ्यात गॅरेजच्या दारात टॅक्सीवाला आला. "कानसेन, इंजिनात काहीतरी वाजतंय, ऐका जरा." त्याने इंजिनाला कान लावला. डोळे मात्र बायकोच्या चेहऱ्यावर होते.