चौकड्यांचा कागद

"काय दिसतंय?" कालिंदीबाईंनी विचारलं.

हेमचंद्ररावांनी एक डोळा झाकून फ्रिजवर चिकटवलेल्या चौकड्यांच्या कागदाकडे पाहिलं, मग दुसरा झाकला. "सरळ रेषा. रोजच्यासारख्याच. आण चहा."

कालिंदीबाईंनी वळून कागदाकडे पाहिलं. कुकरच्या वाफेनं तो कागद मधोमध चांगला फुगला होता, रेषा वाकल्या होत्या, आणि हा माणूस खुशाल सरळ म्हणत होता.

सहा महिन्यांपूर्वी गारखेड्यातल्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "काका, डोळ्याच्या पडद्याची मधोमध झीज सुरू झालीय. गोळ्यांनी ती मंदावेल, थांबेलच असं नाही. रोज हा कागद बघा. रेषा वाकड्या दिसल्या की त्याच दिवशी या. उशीर केलात तर गेलेली नजर परत येत नाही."

तेव्हापासून पालक, चाकवत, सिल्लोडच्या भाचीनं पाठवलेली मक्याची कणसं, सगळं हेमचंद्ररावांच्या ताटात. सात पिढ्यांत अंडं न शिरलेल्या त्या स्वयंपाकघरात रोज एक उकडू लागलं. त्यांनी गोळी गिळेपर्यंत कालिंदीबाई समोरून हलत नसत. स्वतः मात्र उरलेली पोळी लोणच्याशी खाऊन मोकळ्या होत.

ते आंघोळीला गेल्यावर कालिंदीबाईंनी कागदावर इस्त्री फिरवून पाहिली. फुगवटा काही जाईना. एवढं ढळढळीत वाकडं यांना दिसत नाही?

जेवताना हेमचंद्ररावांच्या दाताखाली खडा आला. "तांदूळ निवडला नव्हतास?"

"निवडला होता की! दुकानदारच मेला कचरा देतो." मग त्यांना राहवेना. "अहो, खरं सांगा. स्कूटर बंद होईल म्हणून लपवताय ना?"

"काहीतरीच काय! चांगलं दिसतंय मला."

"माझी शपथ घ्या." आणि त्यांना रडूच फुटलं.

"बरं बाई, चल दवाखान्यात. आत्ता चल."

स्कूटरवर मागे बसून कालिंदीबाई रस्ताभर डोळे मिटून देवाचं नाव घेत होत्या. हे आंधळे झाले तर कसं निभायचं, याच विचारानं त्यांचा जीव अर्धा झाला होता.

डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ तपासलं. "काका, झीज होती तेवढीच आहे. वाढली नाही. उत्तम."

"मग हे काय?" कालिंदीबाईंनी पिशवीतून कागद काढला. "वाफेनं एवढा वेडावाकडा झालाय आणि हे सरळ म्हणतात! एक तर खोटं बोलतात, नाहीतर..." पुढचं त्यांना बोलवेना.

डॉक्टरीणबाईंनी कागद उजेडात धरला. त्या सपाट कागदावरून बोट फिरवून त्या कालिंदीबाईंकडे वळल्या.

"किती दिवस झाले, काकू?"

"आठ-दहा दिवस झाले की."

"काका, तुम्ही उठा," त्या हळूच म्हणाल्या. "काकू, या खुर्चीत आता तुम्ही बसा."