ओरड ना, बाबा

"बाबा, मला अकरावीला आर्ट्स घ्यायचंय. मराठी आणि सायकॉलॉजी." अबोलीने एका दमात सांगून टाकलं. भांडायच्या तयारीनेच आली होती ती.

"घे की," बाबा लगेच म्हणाले. "मुलुंडमध्येच बघू, घराजवळ बरं."

"अरे, पंच्याण्णव टक्के आहेत मला! दादाने आर्ट्स म्हटल्यावर केवढा ओरडला होतास. तसा ओरड ना एकदा माझ्यावर!"

"तुला हवं ते घे," बाबा खाली मान घालून म्हणाले.

ती रडत खोलीत गेली आणि तिने धाडकन दार लोटलं. ते परत उघडलं.

दोन वर्षांपूर्वी दादाच्या खोलीचं दार फोडावं लागलं होतं. तेव्हापासून घरातल्या एकाही दाराला बाबांनी कडी ठेवली नव्हती.