मागून येणाऱ्या बाई

पायडलच्या दर तीन फेऱ्यांमागे साखळी एकदा कट् वाजायची. एखादी कडी आखडली असणार. सकाळी सायकली भाड्याने घेतानाच तिने नवऱ्याला ते सांगितलं होतं. "चालतेय ना? मग झालं तर," असं म्हणून तो पुढे निघाला होता.

उजवीकडे समुद्र, डावीकडे पांढुरकी खारट जमीन. रस्ता सरळ होता, त्यामुळे नवरा दिसत राहायचा. आधी शर्टाएवढा, मग ठिपक्याएवढा. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबून पाणी प्यायचा, फोटो काढायचा. ती पोचली की म्हणायचा, "आलात बाईसाहेब? चला." आणि निघायचा. तिसऱ्या थांब्यावर तिच्या लक्षात आलं, की विश्रांती त्याची एकट्याचीच होते आहे.

दूरच्या शहरातल्या एका प्रयोगशाळेने तिला तीन वर्षांसाठी बोलावलं होतं. पत्र येऊन पाच आठवडे झाले होते. "सुट्टीवरून आलो की निवांत बोलू," तो म्हणाला होता. कळवायची मुदत उद्या संपत होती आणि सुट्टी अजून चार दिवस होती. दोन्ही तारखा त्याला माहीत होत्या.

जुन्या बंदराच्या अवशेषांपाशी ती पोचली तेव्हा त्याची सायकल कुंपणाला टेकलेली होती. फाटकावरच्या पहारेकऱ्याने एक तिकीट पुढे केलं.

"साहेबांनी काढून ठेवलंय. म्हणाले, मागून एक बाई येतील हळूहळू."

"मीच ती, हे बरं ओळखलंत."

"सकाळपासून दुसरं कोणी आलंच नाही."

आत दोन हजार वर्षांपूर्वीची घरं होती, म्हणजे आता गुडघ्याएवढ्या भिंती. दारांच्या जागा तेवढ्या मोकळ्या. नवरा भिंती ओलांडत सरळ समुद्राकडच्या टोकाला गेला होता. ती दारादारातून गेली. एका खोलीत दगडी ओटा होता आणि कोपऱ्यात चुलीची काळी जागा. तिने खोली पावलांनी मोजली. पाच बाय चार. एका माणसाला पुष्कळ झाली.

"अगं, इकडे ये, भारी दिसतंय इथून," तो दोन खोल्यांपलीकडून म्हणाला. "पुढच्या वर्षी त्या पलीकडच्या किनाऱ्याला जाऊ. तुला जरा हलकी सायकल बघू, म्हणजे अशी रखडणार नाहीस."

"पुढच्या वर्षी मी इकडे नसेन."

वाऱ्यात त्याला ऐकू गेलं नाही. "काय म्हणालीस?"

एरवी ती "काही नाही" म्हणाली असती. पाच आठवडे तेच म्हणत आली होती. दोन दारं पार करून ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. त्याने मोबाईल वर धरला.

"थांब, अशीच. जरा डावीकडे सर, मागचा खांब येऊ दे."

ती सरली नाही.

"प्रयोगशाळेला मी हो कळवते आहे," ती म्हणाली. "आजच. आणि तिकडे मी एकटी जाणार आहे."