मानूसशास्त्र

धाकटा भाऊ गोवरानं गेला, तेव्हापासून सहा महिने माय एक शब्द बोलली नव्हती. दिवसभर भिंतीकडे पाहत बसायची. मी अमरावतीच्या कॉलेजात मानसशास्त्र शिकत होते; गावी, तिवशात, बाबा सगळ्यांना सांगत, "पोरगी मानूसशास्त्र शिकून राहिली." एकोणसाठच्या दिवाळीत घरी आले, तेव्हा त्यांनी माझं पुस्तक मायच्या मांडीवर ठेवलं. "याच्यातलं तुह्या मायचं पान काढ." "असं पान नसते, बाबा." "काहून नसते? मानसाचंच पुस्तक हाय ना? नीट पाह्य!" मी स्मृती, अवधान, प्रेरणा, एकेक प्रकरण उलटत गेले. भूलभुलय्यात सोडलेल्या उंदराच्या चित्राशी बाबांनी मला थांबवलं. "उंदराचं मन सापडते लिहिनाऱ्याले, अन् हिचं नाही?" मी पुस्तक मिटू लागले, तोच मायनं मनगट धरलं. उंदरावर बोट ठेवून म्हणाली, "याले बाहीर काढ वं."