यादीतलं पहिलं नाव

प्राध्यापकांची ज्येष्ठता यादी सह्यांसाठी टेबलाभोवती फिरत फिरत विभागप्रमुखांपुढे आली आणि तिथंच अडली. सरांनी पेन उचललं, परत खाली ठेवलं. मग फायलीतून घडीवर फाटत आलेला एक कागद काढून सगळ्यांपुढे सरकवला.

"यादीत पहिलं नाव माझं आहे. ते चूक आहे. दुसऱ्या नंबरच्या मॅडम आणि मी एकाच दिवशी नोकरीवर रुजू झालो. त्या सकाळी, मी दुपारी. हा माझाच रुजू अहवाल, वेळेसकट. पहिलं नाव त्यांचं हवं."

पहिलं नाव म्हणजे विभागप्रमुखाची खुर्ची. तिच्यासाठी मॅडमनी तीनदा अर्ज केला होता, आणि तिन्ही वेळा 'जुनी कागदपत्रं आढळत नाहीत' असा शेरा घेऊन तो परत आला होता. शेऱ्याखाली सही सरांची. तेव्हापासून दोघांचं बोलणं कामापुरतं आणि विभागात सरळ दोन तट. चहाला कोण कुणाबरोबर जातं यावरून तट ओळखायचे.

आता दोन्ही तटांनी आ वासला. खुर्चीसाठी माणूस काय काय करतो ते इथं प्रत्येकानं पाहिलं होतं. निवृत्तीला तीन वर्षं उरलेली असताना ती आपल्या हातानं सोडणारा कुणीच पाहिला नव्हता. आणि तोही हा, राजकारणात मुरलेला गडी!

"कधी सापडला हा कागद?" मॅडमनी विचारलं.

"हरवलाच नव्हता." सरांची मान खाली गेली. "नऊ वर्षं माझ्याच कपाटात आहे."

मॅडमनी कागद जवळ ओढून त्यावरची वेळ वाचली.

"मग आजच का?"

"माझ्याविरुद्ध ती निनावी तक्रार आली ना, मी तास बुडवतो म्हणून. काल चौकशी समितीनं तुम्हाला विचारलं. तुम्ही नुसत्या गप्प बसला असतात, तरी माझी नोकरी गेली असती. तुम्ही म्हणालात, एकही तास बुडवला नाही."

"गैरसमज नको, सर. ते मी तुमच्यासाठी नाही केलं. तुमच्यावरचा राग तसाच आहे. पण खरं होतं, ते सांगितलं."

"म्हणूनच तर," सर म्हणाले. "तुमच्या हाताखाली मी निर्धास्त असेन."