सुभेदारांची पेटी

हेडमास्तरांनी काचेचं कपाट पुसून घेतलं, चहा मागवला, तरी दमयंतीबाईंनी मांडीवरची पेटी काही उघडली नाही.

"पाटीवर काय लिहाल?" एवढंच त्यांनी विचारलं.

"सोनेरी अक्षरांत लिहू. सुभेदार धोंडजी सुर्वे यांची पहिल्या महायुद्धातली पदकं!"

"बघते," म्हणून त्या उठल्या. पेटी पिशवीत, पिशवी काखेत, आणि स्वारी रिक्षात.

रिक्षावाला अली होडेकर त्यांच्याच गावचा. सकाळपासून तो त्यांना रत्नागिरीभर फिरवत होता.

"काकी, ही दुसरी जागा. माजी सैनिकांच्या संघात नाय पटला, इथं पन नाय?"

"नाव नीट लिहिणारं कोणी भेटेना."

"सोन्यानं लिहिनार होता ओ तो!"

दमयंतीबाईंनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. पुढच्या आठवड्यात त्या डोंबिवलीला, मुलाकडे, कायमच्या राहायला जाणार होत्या. गावच्या घराला कुलूप लागणार होतं. पदकं इकडेच आण, टीव्हीच्या वर लावू, असं नितेश फोनवर म्हणाला होता. त्याला त्यांनी साफ नाही सांगितलं. आजेसासऱ्यांच्या हातून घरात आलेली ही तीन पदकं जाण्याआधी त्यांना योग्य जागी पोचवायची होती. त्याशिवाय डोंबिवलीत झोप लागली नसती.

गावात त्यांचं घर 'सुभेदारांचं' म्हणून मानाचं होतं, ते या पदकांमुळेच. खंडेनवमीला कोयती-कुदळीशेजारी पदकांची पूजा व्हायची. आदल्या दिवशी ती घासायचं काम सुनेचं. सासूबाई, म्हणजे गोदाबाई, समोर बसून घासून घ्यायच्या. वरचा भाग चिंचेनं, हलक्या हातानं. कड मात्र जांभ्या दगडाच्या भुग्यानं, चांगला जोर लावून. कडेला मळ धरतो म्हणे. गोदाबाईंना त्यांच्या सासूनं तसंच शिकवलं होतं. दमयंतीबाई मॅट्रिक झालेल्या, घरातली इंग्रजी वाचता येणारी पहिली सून. पण त्यांनी कधी उलट शब्द काढला नाही. पुढे यजमान होते तोवर पेटी घराबाहेर काढायची सोयच नव्हती.

"आमचा बरा हाय," मारुती मंदिराच्या चौकात रिक्षा अडकली तसा अली म्हणाला. "ठेवायचा काय नि द्यायचा काय! इब्राहिम पणजा तुमच्या सुभेदारांच्याच पलटणीत गेलेला. सुभेदार पदकं घेऊन आले, आमचा तिकडं इराकात, बसऱ्याला पळाला, असा त्यांनीच गावात सांगितला. आजून लोक 'पळपुट्याचा घर' म्हनतात. परवा आमची तूबा धावायच्या शर्यतीत पयली आली, तर एक जन म्हनतो, पळायचा तुमच्या रक्तातच हाय."

"मग तू काय म्हणालास?"

"मी काय म्हननार? हसलो. पोरगी रडली."

दमयंतीबाईंना ते ऐकवलं नाही. त्यांनी बाहेर बघत पदर सारखा केला.

"आधार कार्ड आणलंस ना?"

"आनलाय. पन दानपत्राच्या साक्षीदाराला आधार कशाला ओ?"

"लागतं आजकाल सगळीकडे."

कॉलेजच्या छोट्या संग्रहालयात नम्रता मॅडम एकट्याच होत्या. तरुण, कामाशी काम ठेवणाऱ्या. त्यांनी चहा विचारला नाही, हातमोजे चढवले.

"पाटीवर काय लिहाल?" दमयंतीबाईंनी इथंही विचारलं.

"रागावू नका आजी, पण तुम्ही सांगाल ते नाही लिहिणार. पदकावर असेल तेच लिहीन. त्या काळी ज्याचं पदक त्याचं नाव कडेवर कोरलेलं असायचं."

दमयंतीबाईंनी पेटी उघडली. अली दाराशीच घुटमळत होता, त्याला त्यांनी हाक मारून आत घेतलं.

मॅडमनी पहिलं पदक भिंगाखाली फिरवलं आणि त्या हळहळल्या. "कड पार गुळगुळीत झालीय हो. कोणीतरी वर्षानुवर्षं घासलीय ही." दुसऱ्याचंही तेच. तिसरं चांदीचं होतं. ते फिरवताना त्यांचा हात थांबला.

"हे शौर्याचं पदक. पलटणीत एखाद्यालाच मिळायचं. याची कड कशी वाचली?"

"लग्नानंतरच्या पहिल्या नवमीला मी ती वाचली," दमयंतीबाई म्हणाल्या. "तोवर पहिल्या दोन्हींची गेली होती, याची पुसट उरली होती. मग या एकाला मी कडेला भुगा लावलाच नाही. सासूबाईंची नजर अधू होती. हात हलताना दिसला की त्यांना पुरे व्हायचं."

"इतकी वर्षं?"

"इतकी वर्षं. गप्पही तेवढीच बसले. त्याचीच लाज वाटते."

मॅडमनी दिवा जवळ ओढला आणि एकेक अक्षर जुळवत मोठ्यानं वाचलं, "शिपाई... इब्राहिम... होडेकर."

दानपत्राचा कागद टेबलावरच होता. दमयंतीबाईंनी पेन उचललं आणि अलीच्या हातात दिलं.

"साक्षीदार म्हणून सही मी करते रे. वर 'वारस' लिहिलंय, ती रेघ तुझी. पण पदकं इथं ठेवायची की तूबाकडं न्यायची, ते आधी ठरव."